थंड जर्मनीत द्राक्षे पिकतात तरी कशी?

द्राक्ष म्हटलं की आपल्याला नाशिक-सांगलीचे मंडप आठवतात. नाशिक साधारण २०° उत्तर अक्षांशावर आहे. जर्मनीतले बहुतेक द्राक्षमळे मात्र ४८° ते ५१° च्या दरम्यान आहेत. तिथे हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपी जाते आणि वर्षातून एकदाच, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, पीक येतं. आपल्याकडे वेलीला अशी थंडीची झोप मिळत नाही, म्हणून तर शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो. (जर्मनीत ही द्राक्षे मुख्यतः वाइनसाठी लावतात. पण आपला विषय भूगोलाचा आहे बरं का!)

जर्मनीत द्राक्षाला कमी पडतं ते ऊन. इतक्या उत्तरेला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. तिरपी किरणे सपाट जमिनीवर पसरून जातात आणि त्यांची ऊब कमी होते. पण दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर तीच किरणे बरीचशी सरळ पडतात. म्हणून तिथले नावाजलेले मळे नदीकाठच्या उतारांवर दिसतात.

ऱ्हाईन नदीचंच पाहा. ती एकंदरीत उत्तरेकडे वाहते. पण वीसबाडेनजवळ टाउनुस डोंगर आडवा येतो आणि ती सुमारे ३० किलोमीटर पश्चिमेकडे वळते. या एका वळणामुळे तिच्या उजव्या काठाला दक्षिणमुखी उतार मिळाला, आणि पाठीशी डोंगर असल्यामुळे उत्तरेचा गार वाराही अडला. हाच ऱ्हाईनगाऊ प्रदेश.

मोझेल नदीचा काठ तर याहून नवलाचा. इथली जमीन म्हणजे काळसर पाटीचा दगड. पूर्वी शाळेत मुलं ज्या दगडी पाटीवर लिहायची ना, त्याच जातीचा! हा दगड दिवसा तापतो आणि रात्री ती ऊब हळूहळू वेलींना देतो. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट डोंगरावर उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत आहे. अशा चढावर मंडप कुठला घालणार? जुन्या पद्धतीत प्रत्येक वेल एकेका खांबाला बांधतात. ट्रॅक्टर चालत नाही, तोडणी हातानेच.

या काठाची लाडकी जात म्हणजे रिसलिंग. तिची जर्मनीतली लेखी नोंद १४३५ सालची आहे. तिचं लाकूड कडक, थंडी सोसणारं, आणि फळ उशिरा पिकणारं. उष्ण हवेत द्राक्षातलं आम्ल भराभर खर्च होतं. थंडीत ते टिकतं आणि साखर सावकाश भरते. म्हणून रिसलिंगमध्ये गोडी आणि आंबटपणा दोन्ही राहतात.

सगळे मिळून असे १३ प्रदेश आहेत. क्षेत्राने मोठा ऱ्हाईनहेसन. फ्रांकेनमध्ये झिल्वानर ही जात, चपट्या गोल बाटलीत भरलेली. दक्षिणेकडचं बाडेन उबदार, तिथे स्पेटबुर्गुंडर हे काळं द्राक्ष पिकतं. फ्रान्समध्ये त्यालाच पिनो न्वार म्हणतात. म्युलर-थुरगाऊ ही लवकर पिकणारी संकरित जात १८८२ मध्ये गाइसेनहाइम इथे तयार झाली. ती रिसलिंग आणि झिल्वानर यांची संतती, असं कित्येक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. डीएनए तपासणीत दुसरं पालक भलतंच निघालं!

पिकलेलं फळ इतकं मोलाचं, की १९७१ च्या कायद्याने वाइनची प्रतवारीच रसातल्या साखरेवर ठरवली. आपले बागायतदार ब्रिक्स मोजतात, जर्मन लोक ‘अक्सले’ मोजतात.

आता हवामान बदलत आहे आणि गणित उलटं होऊ लागलं आहे. आइसवाइनसाठी घड वेलीवरच गोठावे लागतात, त्याला उणे ७ अंश किंवा त्याहून कडक थंडी हवी. २०१९ च्या हंगामात १३ पैकी एकाही प्रदेशात ती पुरेशी पडली नाही. असं पहिल्यांदाच घडलं. दुसरीकडे, पूर्वी थंड समजल्या जाणाऱ्या जागीही द्राक्षं चांगली पिकू लागली आहेत, तिथे यंत्रही चालतं. मग उभ्या चढावर हाताने राबायला कोण जाणार? १९९० च्या सुमारास मोझेलच्या प्रदेशात १२ हजार हेक्टरांहून जास्त मळे होते. आता ते ९ हजारांच्या आत आले आहेत, आणि सोडून दिलेल्या पायऱ्यांवर झुडपं वाढत आहेत.