शिडाच्या बोटीचं डेक: रंगाचे नाही, तयारीचे पैसे मागा



कोटेशन फोडून कसं द्यायचं, हे आपण नेहमी बोलतो. आज ते एका वेगळ्या कामावर लावून बघू. शिडाच्या फायबर बोटीचं न घसरणारं डेक, म्हणजे ज्याला नॉन-स्किड म्हणतात ते, पुन्हा रंगवायचं काम.

तुम्ही म्हणाल, पनवेलच्या दुकानदाराला बोटीशी काय देणंघेणं? अहो, इथून उरणचं मोरा आणि करंजा किती लांब आहे? पुढे मांडव्याला शिडाच्या बोटी आहेतच. पेंटचं दुकान, फायबरचं काम किंवा रंगकामाचा ठेका असेल, तर अशी चौकशी तुमच्याकडे कधीतरी येणारच. आणि आपण पटकन काय करतो? भिंतीसारखा चौरस फुटाचा रेट सांगून मोकळे होतो. तिथेच नुकसान होतं.

डेक म्हणजे भिंत नाही

भिंतीचा रंग निघाला तर घर वाईट दिसतं, एवढंच. पण वाऱ्यावर बोट एका अंगाला कलते, डेक ओलं असतं, हातात दोर असतो. तेव्हा माणूस फक्त पायाच्या पकडीवर उभा असतो. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून 29 मे 2025 ला परत आल्या. ही बोटही गोव्याच्याच ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली. जवळपास आठ महिने बोटीवर दोघीच. एकीचा पाय घसरला तर मदतीला दुसरी एकटी. तुमचं गिऱ्हाईक मांडव्यापुढे जाणार नसेल, पण पाय घसरायला मांडव्याचं पाणीही पुरतं.

काम कसं होतं ते आधी समजून घ्या

1. ठोकून बघा. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने सगळं डेक हलकं ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा पायाखाली दबलं, तर फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड किंवा फोम भिजलेला किंवा सुटलेला असू शकतो. त्यावर रंग मारणं म्हणजे गळक्या छताला चुना लावणं. ही दुरुस्ती रंगाच्या दरात धरू नका. कोटेशनवर तसं लिहूनच द्या.

2. आधी धुवा, मग घासा. क्रम उलटा करू नका. गोड्या पाण्याने आणि साबणाने मीठ काढा. नंतर सॉल्व्हंटने मेण, तेल, सिलिकॉन पुसा. एका फडक्याने ओलं पुसायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच उचलायचं, आणि फडकी बदलत राहायचं. न धुता घासलं तर ते मेण ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंग धरत नाही. पाणी टाकून बघा. थेंब थेंब जमले तर अजून मेण आहे. पाणी सपाट पसरलं तर पुढे जा.

3. घासणं आणि भरणं. गुळगुळीत भागाला 80 आणि मग 120 नंबरचा पेपर. साच्यातले बारीक चौकोन असतील तर पेपर फक्त टोकांना लागतो, खाचांसाठी ब्रश आणि घासणीच लागते. चिरा इपॉक्सीने भरा. इपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर येऊ शकतो. तो पाण्याने धुवून मगच पेपर मारा.

4. टेप. पाणी वाहून जायच्या पट्ट्या आणि खुंट्यांभोवतीची जागा गुळगुळीत ठेवतात. टेपचे कोपरे एखादा डबा ठेवून गोल कापा. टोकदार कोपऱ्यापासून रंग आधी सुटतो. रंग थोडा ओला असतानाच टेप काढा.

5. प्रायमर, रंग, वाळू. प्रायमर आणि रंग एकमेकांना चालणारे घ्या, शक्यतो एकाच कंपनीचे. ओल्या रंगावर धुतलेली, सुकवलेली बारीक वाळू किंवा त्यासाठीच मिळणारे प्लॅस्टिकचे दाणे भरपूर पेरा. सुकल्यावर सुटे दाणे झाडून घ्या आणि वर दोन हात द्या. दाणे डब्यातच मिसळले तर ते तळाशी बसतात, सारखं ढवळावं लागतं. समुद्राची वाळू बिलकूल नको, तिच्यात मीठ असतं. रंग फिका राखाडी किंवा क्रीम घ्या. पांढऱ्याने डोळे दिपतात, गडद रंगाने पाय भाजतात.

दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्कने भागत नाही, डब्यावर सांगितलेला रेस्पिरेटरच लागतो. तो खर्च कोटेशनमध्ये धरा, माणसाच्या फुफ्फुसात नको.

हवामान हाही खर्च आहे

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात. त्यामुळे दुरुस्तीचे फोन पावसाळ्यात येतात. पण हवेत 85 टक्क्यांवर दमटपणा असेल तर बहुतेक असे रंग मारू नयेत. म्हणून पावसाळ्यात पाहणी करा, ऑर्डर पक्की करा, ॲडव्हान्स घ्या. छप्पर असेल तर घासण्या-भरण्याचं काम उरका. उघड्यावरचा रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. तेव्हाही सकाळचं दव वाळल्यावर सुरू करा आणि संध्याकाळचं दव पडायच्या बऱ्याच आधी थांबा.

आता कोटेशन

समजा डेक 10 चौरस मीटर आहे. रंगाचे तीन हात म्हणजे 30 चौरस मीटर. डब्यावर लिटरला 10 चौरस मीटर लिहिलं असेल तर 3 लिटर झाले. पण खरखरीत पृष्ठभाग जास्त पितो, त्यामुळे वर मार्जिन ठेवा. हा झाला रंग. आता मजुरीचे दिवस मोजा: पाहणी, धुणं, घासणं, भरणं, टेप, प्रायमर, रंग. रंग मारायचा वेळ यात सगळ्यात कमी निघेल. चौरस फुटाच्या रेटमध्ये बाकीचे सगळे दिवस तुम्ही फुकट देता.

म्हणून प्रत्येक टप्प्याची वेगळी ओळ लिहा. गिऱ्हाईक म्हणालं, "थोडं कमी करा ना," तर भारी ब्रँड कमी करा, एखादा भाग पुढच्या वर्षी ठेवा. तयारीची ओळ खोडू नका. ती खोडली की पोपडे निघतात, तुम्ही फुकटात परत घासता, आणि तोपर्यंत ओल्या डेकवर कोणाचा पाय जाईल सांगता येत नाही. तयारीला नकार देणारं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. ते काम स्वस्त नसतं, त्याचं बिल फक्त उशिरा येतं.

या आठवड्यात एक करा. तुमचं शेवटचं कोटेशन काढा, मग ते भिंतीचं असो की ग्रिलचं. त्यात तयारीची ओळ आहे का बघा. नसेल तर पुढच्या कोटेशनमध्ये ती सगळ्यात वर लिहा.