पेटीतले डिस्चार्ज बुक बाहेर काढा

नंदुरबारच्या वस्त्यांमध्ये तपासणीला गेलो की वयस्क मायमाउलींना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो: घरात कुणी फौजेत होते का? पुष्कळदा उत्तर येते, "होते ना ताई, पण त्यांना पेन्शन नव्हती." बोलणे तिथेच संपते. माउली बी.पी.ची गोळी एक दिवसाआड खात राहते, कारण रोजची परवडत नाही.

पेन्शन नाही म्हणजे हक्कच नाही, हा समज आधी मनातून काढा.

शिपायाला पेन्शन मिळायला साधारण 15 वर्षांची नोकरी लागते. पेन्शन नसलेल्या, पण माजी सैनिक म्हणून मान्यता असलेल्यांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे. हवालदार हुद्द्यापर्यंतचा असा सैनिक किंवा त्याची विधवा 65 वर्षांपुढे असेल, तर दरमहा निर्वाह मदत मिळू शकते. ती पूर्वी 4 हजार रुपये होती. नोव्हेंबर 2025 पासून 8 हजार झाली. आजारपणाच्या खर्चासाठी वर्षाला 50 हजारांपर्यंत वेगळी मदत आहे. त्यासाठी औषधांची आणि दवाखान्याची बिले लागतात. बिले चुलीत घालू नका, एका पिशवीत जपून ठेवा.

मान्यता आहे की नाही, हे सांगते डिस्चार्ज बुक. नोकरी किती झाली, नाव का कमी झाले, बायको-मुलांची नावे काय, हे त्यात लिहिलेले असते. अडचण बहुधा नावातच येते. पुस्तकात सखूबाई आणि आधारवर सखुबाई असले तरी कागद परत येतो. धडगाव-अक्कलकुव्याहून एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणून निघण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून शिकलेल्या नातवाकडून अक्षर न् अक्षर तपासून घ्या. अर्ज ऑनलाइन भरतात. त्याची छाननी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय करते. विधवेचे ओळखपत्रही तिथेच मिळते.

ज्या घरात पेन्शन किंवा कुटुंब पेन्शन येते, त्यांनी ईसीएचएस कार्ड आहे का ते पाहावे. माजी सैनिकांची ही आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू आहे. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधे मिळतात, मोठ्या आजाराला तिथून यादीतल्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. वर्गणी एकदाच भरायची असते. युद्धविधवांना तीही माफ आहे. जीव धोक्यात असेल तर जवळच्या कोणत्याही रुग्णालयात न्या, मात्र 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. पेन्शन अडू नये म्हणून हयातीचा दाखला दरवर्षी द्या.

नवरा सीमेवर आणि घरात झोप उडालेली, अशा सुनाही वस्तीत आहेत. मन खचणे हा आजार आहे, त्यात लाज कसली? 14416 या टेली-मानस क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी या सेवेचा खास कक्ष डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

फौज आपल्या समाजाला नवी नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. लष्कराच्या नोकरीमुळेच त्या घरात शिक्षण आले. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत आवाज उठवला आणि 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. भरतीचा हक्क असा झगडून मिळवलेला आहे. त्यामागून येणारा औषधाचा आणि म्हातारपणाचा हक्क पेटीत कुजू द्यायचा नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात येताना डिस्चार्ज बुक, आधार आणि बँकेचे पासबुक सोबत आणा. तिन्ही कागदांवरची नावे आपण एकत्र बसून जुळवू. जयभीम.