डिझेलची रिकामी टाकी वेल्डिंगला देण्यापूर्वी



पेरणी तोंडावर आली की नेमकी ट्रॅक्टरची किंवा इंजिनाची टाकी गळू लागते. आपण ती काढून वेल्डिंगच्या दुकानात नेतो आणि सांगतो, "रिकामीच आहे, मार एक टाका." पण ध्यानात ठेवा, रिकामी टाकी भरल्या टाकीहून जास्त घातक असते.

असे का? पेट घेते ती तेलाची वाफ, आणि तीही हवेत मिसळल्यावर. भरल्या टाकीत हवेला जागाच थोडी. रिकाम्या टाकीत मात्र सांधीकोपऱ्यांत चार थेंब राहतात. वेल्डिंगने पत्रा तापला की त्यांची वाफ होते, हवेत मिसळते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. पेट्रोलची वाफ तर हवेत शंभरात दीड भाग असली तरी भडकते. झाकण उघडे ठेवले म्हणून स्फोट टळत नाही.

मग काय करावे?

1. टाकीत काय होते ते कारागिराला आधी सांगा.

2. सगळे तेल काढा. गरम पाणी व धुण्याचा सोडा घालून टाकी दोन-तीनदा खळबळून धुवा. नुसते पाणी भरून भागत नाही, कारण तेल पाण्यावर तरंगते. हे पाणी विहिरीजवळ ओतू नका.

3. मग जोडाच्या चार बोटे खालपर्यंत स्वच्छ पाणी भरा, म्हणजे वाफेला जागा उरत नाही. तोंड उघडे ठेवा.

4. तेलाचा वास आला तर काम थांबवून पुन्हा धुवा. वास नाही म्हणजे धोका नाही, असेही समजू नका.

5. ठिणग्या 35 फुटांपर्यंत उडतात, ग्राइंडरच्याही. कडबा, भुसा, कापूस, डिझेलचे कॅन त्याहून दूर हलवा.

6. वाळूच्या बादल्या जवळ ठेवा. पेटलेल्या तेलावर पाणी मारू नका. काम संपल्यावर तासभर लक्ष ठेवा, भुसा आतल्या आत धुमसत राहतो.

पेट्रोलच्या टाकीला गावात वेल्डिंग करूच नये. तेलाचे जुने पिंप गव्हाणीसाठी गॅसने कापतानाही हाच धोका असतो. गंजलेली टाकी असेल तर सरळ नवी बसवा. पेरणी एक दिवस मागे गेली तरी चालेल, पण न धुतलेल्या टाकीला टाका मारू देऊ नका.