ध्वनिमुद्रिका कोणाच्या मालकीची?

तबकडी विकत घेतली की वाजवणाऱ्याला त्याचा वाटा पोचला, असे आपण श्रोते धरून चालतो. वस्तुस्थिती पुष्कळदा निराळी असते. ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनी करते. म्हणून मूळ मुद्रण तिच्या मालकीचे होते. कोणाचे वादन छापावयाचे, किती प्रती काढावयाच्या, विक्री केव्हा थांबवावयाची, हेही तीच ठरविते. कलावंताच्या पदरी पडते ती एकरकमी बिदागी किंवा खर्च वजा जाता उरेल तो हिस्सा.

हा व्यवहार उलटा करून पाहण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. तो समजून घेण्यासारखा आहे असे आम्हांस वाटते. डबल बेस हे मोठे तंतुवाद्य वाजविणारे चार्ल्स मिंगस, त्यांच्या पत्नी सीलिया आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांनी १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये 'देब्यू रेकॉर्ड्स' ही छोटी कंपनी काढली. काळही अनुकूल होता. चुंबकीय फितीमुळे मुद्रण स्वस्त झाले होते आणि १९४८ पासून दीर्घकाल वाजणारी तबकडी बाजारात आली होती. थोड्या भांडवलावर हा उद्योग करता येईल, अशी आशा त्यामुळे उत्पन्न झाली.

१५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस आणि रोच एकत्र वाजले. त्याच रात्री मुष्टियुद्धाचा मोठा सामना होता. सभागृह पुरते भरलेही नाही. पण मुद्रणाची फीत मिंगस यांच्या हाती आली आणि 'देब्यू'ने ती प्रसिद्ध केली. पार्कर दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असल्यामुळे तबकडीवर त्यांचे नाव 'चार्ली चॅन' असे घालावे लागले. बेसचा आवाज क्षीण उमटला होता, म्हणून मिंगस यांनी तो मागाहून पुन्हा वाजवून भरला. आज ही मैफल जॅझच्या इतिहासात मानाने गणली जाते. पॉल ब्ले या तरुण पियानोवादकाची पहिली तबकडीही 'देब्यू'चीच.

मग अडले कोठे? तबकडी काढणे एक आणि ती गावोगावच्या दुकानांत पोचवून वसुली करणे दुसरे. छपाईचे पैसे आधी मोजावे लागतात. विक्रीचे मागाहून येतात. मोठ्या कंपनीला हे अंतर सोसते, घरगुती कारभाराला सोसत नाही. १९५७ च्या सुमारास 'देब्यू'चे काम थांबले आणि तिचा संग्रह कॅलिफोर्नियातील 'फँटसी' कंपनीकडे गेला.

तेव्हा मालकी मिळाली म्हणजे बाजार मिळाला, असे नव्हे. परंतु प्रयत्न वायाही गेला नाही. मिंगस १९७९ साली वारले. १९९० साली 'फँटसी'ने 'देब्यू'मधील त्यांचे मुद्रण बारा तबकड्यांच्या संचात पुन्हा प्रसिद्ध केले. वादकांनी पाच वर्षे पदरमोड केली, म्हणून ते संगीत आज आपल्याला ऐकावयास मिळते.