युद्धनौकेचा वर्ग आणि भंगाराचा व्यवहार

जालन्याच्या भट्ट्यांत रोज भंगार वितळते आणि सळया होऊन बाजारात जाते. भंगार गोळा करणारे, निवडून वेगळे करणारे, गॅस कटर चालविणारे व मालाची वाहतूक करणारे आपले अनेक बांधव या धंद्यावर पोट भरतात. जहाजतोडीचा माल हा भंगाराचाच एक प्रकार. त्यातही माल युद्धनौकेचा आहे असे कोणी म्हटले की भाव व अफवा दोन्ही चढतात. म्हणून युद्धनौकेचा वर्ग म्हणजे काय, आणि तिच्या सेवेचा इतिहास आपल्या कामी कसा येतो, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

वर्ग म्हणजे काय?

एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांच्या गटाला वर्ग म्हणतात. एका फर्म्यावरून अनेक नग काढावेत तसेच हे. वर्गाला बहुधा पहिल्या नौकेचे नाव मिळते. मुंबईच्या माझगाव गोदीने १९७२ ते १९८१ या काळात ‘नीलगिरी’ वर्गाच्या सहा फ्रिगेट नौका नौदलाला दिल्या. मूळ आराखडा ब्रिटिश ‘लिअँडर’ वर्गाचा होता. शेवटच्या दोन, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’, यांत मोठे हेलिकॉप्टर बसावे म्हणून बदल केले गेले. तेव्हा वर्ग एक असला तरी प्रत्येक नग सारखाच असतो असे नाही.

दोन विमानवाहू नौका

‘विक्रांत’ ही ब्रिटिश ‘मॅजेस्टिक’ वर्गाची. तिचे बांधकाम १९४३ मध्ये सुरू झाले, महायुद्ध संपल्यावर ते थांबले, १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्या विमानांनी बंगालच्या उपसागरात कामगिरी केली. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. पुढे लिलावात सुमारे ६० कोटींना विकली गेली आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तोडकाम सुरू झाले.

‘विराट’ ही ‘सेंटॉर’ वर्गाची. ब्रिटिश नौदलात ती ‘हर्मिस’ नावाने १९५९ मध्ये आली आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात लढली. १९८७ पासून २०१७ पर्यंत ती भारताच्या सेवेत होती. २०२० मध्ये ३८.५४ कोटींना विकली जाऊन ती गुजरातेतील अलंगला पोहोचली. विराट विक्रांतपेक्षा कितीतरी मोठी, तरी किंमत कमी! भंगाराचा भाव, ओढून नेण्याचा खर्च व तोडकामाचे दिवस यांवर सौदा ठरतो. नौकेच्या आकारावर किंवा कीर्तीवर नव्हे.

माल घेताना

वर्ग व बांधणीचे साल कळले की मालाचा अंदाज येतो. त्या काळच्या जहाजांत नळ व बॉयलरभोवती ॲस्बेस्टॉस सर्रास वापरीत, रंगात शिसे असे. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की रोग वीस-तीस वर्षांनीही निघतो. रंगावर थेट गॅस कटर चालविल्यास शिशाचा धूर अंगात जातो. पंखे मात्र तांब्याच्या मिश्रधातूचे असतात. ते लोखंडाच्या भावात देऊ नयेत.

बंद सिलिंडर किंवा नळकांडे न कापता भट्टीत टाकू नये. २००४ मध्ये गाझियाबादजवळ परदेशी भंगारातील तोफगोळा फुटून कामगार दगावले, त्यानंतर सरकारने आयातीची तपासणी कडक केली. जहाज पुनर्वापराच्या २०१९ च्या कायद्यातून युद्धनौका वगळलेल्या आहेत, म्हणून माल घेणाऱ्याने स्वतःच अधिक सावध राहिले पाहिजे.

२०१६ मध्ये बजाजने विक्रांतचा धातू वापरून ‘व्ही’ मोटारसायकल काढली, तेव्हा नावालाही मोल असते हे दिसले. पण कोणी साधा पत्रा ‘विक्रांतचा’ म्हणून देऊ केला तर लिलावाचे व तोडकामाचे कागद मागा, आणि स्वतः विकताना कागद नसेल तर ते नाव घेऊ नका. माप-तोलात खोट करणाऱ्यांना कुरआनात सख्त ताकीद आहे. मालाचे खोटे नाव सांगणे हीसुद्धा खोटच. मजुराला मास्क व हातमोजे देणे ही मेहरबानी नव्हे, त्याचा हक्क आहे. एवढे पाळले तर धंद्यात बरकत राहील, इन्शाअल्लाह.