घुमटामागचा चंद्र

कर्नाटकातील विजापूर येथील गोलघुमट ही भव्य वास्तू १६५६ साली पूर्ण झाली. तिच्या घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर आहे. एवढ्या प्रचंड घुमटामागे तेवढाच मोठा पूर्णचंद्र एखाद्या छायाचित्रात दिसला, की पाहणाऱ्यास ती हातचलाखी वाटते. वस्तुतः ही किमया अंतराची असते.

कोणतीही गोल वस्तू तिच्या व्यासाच्या सुमारे ११० पट अंतरावरून चंद्राएवढी दिसते. म्हणून छायाचित्रकार वास्तूच्या जवळ न जाता पश्चिमेस जवळजवळ पाच किलोमीटर दूर जातो. तेथून घुमट लहान दिसतो. चंद्र मात्र लहान होत नाही. तो सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर असतो. त्यापुढे पाच किलोमीटरांची काय मातब्बरी? मग दूरचे जवळ आणणारे भिंग दोघांनाही सारखेच मोठे करते.

वेळही नेमकी साधावी लागते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. त्या संधिप्रकाशात चंद्र आणि घुमट दोन्ही स्पष्ट उमटतात. काळोख दाटल्यावर मात्र चंद्र नीट टिपावा तर घुमट काळा पडतो आणि घुमट टिपावा तर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका उरतो. शिवाय चंद्र दोन मिनिटांत आपल्या व्यासाइतका पुढे सरकतो. त्याच्या उगवण्याची जागाही दर पौर्णिमेस बदलते. म्हणून छायाचित्रकार आधीच गणित करून आपली जागा निश्चित करतो.

ज्याची तयारी पूर्ण असते, त्यालाच ती दोन मिनिटे लाभतात.