विजेची सायकल : तिची जुळणी, स्वारी व निगा

भोकरदन तालुक्यांतील हसनाबाद व त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्या यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांस शाळेची वाट किती लांब असते हें निराळें सांगावयास नको. कोणी पायीं येतो, कोणी एस्. टी. ची वाट पाहतो, कोणी वडील बंधूच्या जुन्या सायकलीवर येतो. उन्हाळ्यांत समोरून तापलेला वारा सुटला म्हणजे साधी सायकल रेटतांना मुलाचा जीव मेटाकुटीस येतो, आणि एस्. टी. चुकली म्हणजे मुलींचा तर सबंध दिवसच बुडतो. म्हणून विजेच्या सायकलीचा विचार पालकांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु कापूस-सोयाबीनचे पैसे हातीं आल्यावर घेतलेली ही वस्तु वर्षभरांत अडगळींत पडावी, किंवा तिनें घराला आग लावावी, असें होऊं नये. तें टाळण्यास जेवढें ज्ञान अवश्य आहे तेवढें येथें सोप्या रीतीनें देत आहें.

ही कल्पना अगदीं नवी नव्हे. सन १८९५ च्या अखेरीस अमेरिकेंत ऑग्डेन बोल्टन नांवाच्या गृहस्थानें मागील चाकाच्या मध्यभागीं मोटर बसविलेल्या सायकलीचें पेटंट मिळविलें. सन १९९३ मध्यें जपानच्या यामाहा कंपनीनें पायडल मारणाऱ्यास मोटरीनें मदत करणारी सायकल बाजारांत आणली. मध्यंतरींची मोठी अडचण जड बॅटरीची होती. लिथियम-आयन बॅटरी १९९१ पासून विक्रीस आली आणि ती अडचण हळूहळू दूर झाली. ह्याच बॅटरीच्या कार्याबद्दल तीन शास्त्रज्ञांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां थोडें गणित करूं. बॅटरीवर ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास असें लिहिलें असेल तर दोहोंचा गुणाकार ३६० वॉट-तास होतो. आपल्या वीजबिलांतील एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. चार्जरमध्यें थोडी वीज वायां जाते हें धरूनही एका युनिटांत ही बॅटरी दोनदां भरते. पायडल मारीत गेल्यास सपाट रस्त्यावर दर किलोमीटरास सुमारें १० ते १५ वॉट-तास लागतात. म्हणजे एकदां भरल्यावर २५ ते ३५ किलोमीटर जातां येतें. चढ, समोरचा वारा, खराब रस्ता व मागें बसलेला सोबती हे सर्व त्यांतून आपापला वांटा घेतात. निरोगी मनुष्य बराच वेळ सुमारें १०० वॉट शक्तीनें पायडल मारूं शकतो. २५० वॉटांची मोटर म्हणजे जणू आणखी दोन माणसांचे पाय. परंतु हे पाय उसने आहेत. विजेची सायकल ही प्रथम सायकल आहे आणि मग यंत्र आहे, ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली कीं पुढील सर्व नियम आपोआप समजतात.

सायकल खोक्यांतून निघाली कीं लगेच तिच्यावर बसूं नये; गुडघ्याला बाशिंग बांधण्याची घाई येथें महाग पडते. हँडल पुढच्या चाकाशीं काटकोनांत आहे कीं नाहीं तें पाहावें व त्याचे बोल्ट घट्ट करावे. सीट इतकी उंच असावी कीं खालच्या पायडलावर पाय ठेवला असतां गुडघा किंचित् वांकलेला राहील. उजवें पायडल उजवीकडे फिरवून बसतें, डावें मात्र डावीकडे; बळजबरी केल्यास आटे कायमचे जातात. मोटर ज्या चाकांत असेल त्याच्या आंसाचे नट विशेष घट्ट हवेत, कारण मोटर चाकाला जेवढ्या जोरानें पुढें ढकलते तेवढ्याच जोरानें आंस उलट दिशेस फिरूं पाहतो. टायरमधील हवेचा दाब टायरच्या बाजूवरच छापलेला असतो. तोच प्रमाण मानावा. शेवटीं दोन्ही ब्रेक पाहावे. पुष्कळ सायकलींत ब्रेक दाबतांच मोटर बंद होते. चाक उचलून, मोटर चालूं करून, ब्रेक दाबून ही सोय काम करते कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी.

पहिल्या दिवशीं मोकळ्या मैदानावर मोटर बंद ठेवून दोन फेऱ्या माराव्या, मग मदतीचा सर्वांत खालचा टप्पा लावावा. निघतांना गिअर हलका असावा. सायकलीवर चढतांना पायडलावर भार पडला तर ती एकदम पुढें झेप घेते. म्हणून एक पाय जमिनीवर व बोटें ब्रेकवर ठेवावीं. विद्यार्थ्यांनीं भौतिकशास्त्राचा एक नियम येथें आठवावा. वेग दुप्पट झाला कीं गतिज ऊर्जा चौपट होते. बारा किलोमीटरच्या वेगानें जाणारी सायकल जेवढ्या अंतरांत थांबते, त्याच्या सुमारें चौपट अंतर चोवीसच्या वेगाला लागतें. ही सायकल आवाज करीत नाहीं; पुढें चालणाऱ्या म्हाताऱ्यास अथवा गुरास ती येत आहे हें कळत नाहीं. घंटी आधींच वाजवावी. हेल्मेट घालावें, मग कायदा विचारो वा न विचारो.

कायद्याविषयींही दोन शब्द. मोटर २५० वॉटांहून कमी शक्तीची आणि वेग ताशीं २५ किलोमीटरहून कमी, अशा नियमांत बसणाऱ्या सायकलीस नोंदणी व परवाना लागत नाहीं. पण कांहीं लोक वेगाची मर्यादा काढून टाकतात किंवा मोठी मोटर बसवितात. तसें केल्यास ती सायकल कायद्यानें मोटारवाहन होते, आणि सोळा वर्षांखालील मुलास मोटारवाहनाचा परवाना मिळतच नाहीं. सन २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलाच्या अशा अपराधाबद्दल पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. मुलाचा हट्ट पुरवितांना हें विसरूं नये.

आतां मुख्य गोष्ट बॅटरीची. सायकलीच्या किंमतीचा मोठा वांटा हिचा, आणि धोकाही हिचाच. घरच्या इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी नेहमीं भरलेली ठेवावी लागते. ती संवय येथें लावूं नये. लिथियमची बॅटरी अगदीं रिकामी किंवा पूर्ण भरलेली फार दिवस पडून राहिली तर लवकर म्हातारी होते. दिवाळीच्या अथवा उन्हाळ्याच्या सुटींत ती अर्धी भरून सांवलींत ठेवावी व महिन्यांतून एकदां पाहावी. आपल्याकडे मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर जातो. अशा वेळीं उन्हांत उभ्या केलेल्या सायकलीची बॅटरी आणतांच चार्जिंगला लावूं नये. ती हातास थंड लागेपर्यंत थांबावें. ३६ व्होल्टांच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टांपर्यंत वीज देतो, ४८ व्होल्टांचा ५४.६ पर्यंत, म्हणून शेजाऱ्याचा चार्जर पिन बसते एवढ्यावरून कधींही लावूं नये.

चार्जिंग दिवसां, कोणीतरी जागें असतांना, फरशीवर करावें. गादीवर, दाराच्या वाटेंत किंवा जिन्याखालीं करूं नये. आणि ज्या खोलींत वेचलेला कापूस किंवा कडबा रचलेला आहे तेथें तर मुळींच नाहीं. बॅटरी फुगली, तिला विचित्र वास आला, किंवा ती पडून तिचें आवरण फुटलें, तर ती वापरणें तात्काळ थांबवून घराबाहेर मोकळ्या जागीं ठेवावी आणि जाणत्या कारागिरास दाखवावी. घरीं उघडून पाहूं नये. पेट घेतल्यास प्रथम माणसांना बाहेर काढावें, धूर हुंगूं नये, व ११२ क्रमांकावर कळवावें. वस्तु पुन्हां मिळते.

नित्याची निगा मात्र सोपी आहे. आठवड्यास हवा, ब्रेकचीं रबरें व आंसाचे नट पाहावे. चेन फडक्यानें पुसून तिला थेंबभर तेल द्यावें. मोटरीच्या चाकांतील तारा सैल होतात, त्या दर महिन्यास चांचपाव्या. पावसांतून आल्यावर काळ्या मातीचा चिखल ओल्या फडक्यानें काढावा. पंपाच्या जोरदार फवाऱ्यानें धुवूं नये, पाणी जोडांत शिरतें. मोटरीचें चाक पंक्चर झालें तर प्रथम स्विच बंद करून तारेचा जोड सोडवावा, आणि आंसावरील कंगोऱ्याचे वायसर कोणत्या क्रमानें होते तें काढण्यापूर्वींच पाहून ठेवावें. ते जसेच्या तसे न बसल्यास आंस जागच्या जागीं फिरून तारा तुटतात. गांवच्या पंक्चरवाल्यास ही गोष्ट आपण होऊन सांगावी. त्यांत त्याचा अपमान नाहीं.

पालकांस शेवटीं एवढीच विनंती कीं, सायकल मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं तिचे नट कसणें, ब्रेक तपासणें व बॅटरीची राखण करणें हीं कामें त्याजकडून स्वतःच्या हातानें करून घ्यावीं. मुलींकडूनही घ्यावीं, पाना धरावयास मुलगाच हवा असें नाहीं. जो आपलें वाहन जाणतो त्याला वाटेंत कोणाचें तोंड पाहावें लागत नाहीं, आणि शाळेची घंटा होण्यापूर्वीं तो वर्गांत असतो.